उम्म बाबच्या पुढचा रस्ता

इथे कतारमध्ये आमच्या प्लँटमध्ये फोन आत नेता येत नाही. गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा, चावी खिशात टाकायची आणि शिफ्ट संपेपर्यंत बाहेरच्या जगाला विसरायचं. नऊ वर्षांत मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्या दिवशी दुपारी तीनला सुटलो, लॉकर उघडला, तर फोनवर दादाचे अकरा मिस्ड कॉल. खाली एकच मेसेज. ‘शुभदा सकाळी गेली. फार वेळ ठेवू नका म्हणतायत. तुला पोचता येणार नाही, माहीत आहे.’ अल खोरला, क्वार्टरवर नेणारी कंपनीची बस उभी होती. मी तिच्यात चढलो, रोजच्या खिडकीशी बसलो आणि दादाला फोन लावला. गडहिंग्लजला तेव्हा साडेपाच वाजले होते. सगळं उरकून माणसं घरी परतलीसुद्धा होती. ‘आत्ताच आंघोळ करून बसलोय,’ तो म्हणाला. मागच्या सीटवरचा कुणीतरी ड्रायव्हरला एसी कमी करायला सांगत होता. फोन कानाला तसाच धरून मी बाहेर बघत राहिलो. अल खोर येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही, पण फोन कुणीच ठेवला नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. शुभदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, श्रीकांतदादाची बायको. मूळच्या गडहिंग्लजच्या. त्यांचे वडील वडापची जीप चालवायचे, म्हणजे स्टँडबाहेर माणसं भरायची आणि खेडोपाडी सोडायची. ती जीप वहिनी सोळाव्या वर्षी बाजाराच्या मैदानात शिकल्या होत्या. आम्ही त्यांना बघायला गेलो तेव्हा चहा झाल्यावर त्यांची आई म्हणाली, तुला काही विचारायचं असेल तर विचार. वहिनींनी दादाला विचारलं, ‘गाडी येते चालवायला?’ दादा म्हणाला, ‘नाही.’ ‘शिकणार?’ ‘नाही.’ आमच्या आईच्या कपाळावर आठी. वहिनी मात्र सहज म्हणाल्या, ‘असू दे. मला येते की.’ दादाच्या ‘नाही’ला कारण होतं. कॉलेजात असताना त्यानं मित्राला मोटरसायकलवर मागे बसवलं होतं, वळणावर गाडी घसरली, आणि त्या मित्राचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर दादानं कुठलंच हँडल हातात धरलं नाही. घरात तो विषय कुणी काढत नसे. वहिनींना तो लग्नानंतर कळला, आणि त्यांनीही पुन्हा कधी काढला नाही.

ते दोघं माझ्या आधी दोह्याला आले. दादा आयटीत, दर दोन वर्षांनी कॉन्ट्रॅक्ट पुढे ढकलत राहिलेला. वहिनी एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर. कुठल्या ड्रॉइंगची कुठली रिव्हिजन कुणाकडे आहे, ते कॉम्प्युटरच्या आधी त्या सांगायच्या. बिन महमूदमधल्या फ्लॅटमधून रोज सकाळी त्या दादाला त्याच्या ऑफिसला सोडायच्या आणि मग आपल्या. दोह्यात बायको नवऱ्याला सोडते, याची चेष्टा त्यांच्या कानावर यायची. त्या म्हणायच्या, ‘यांना सोडलं नाही तर हे बसतील की घरात.’ दादा हसायचा. मग त्यांच्या ऑफिसातला एक परदेशी इंजिनिअर देश सोडून चालला, आणि त्याची गाडी वहिनींनी घेतली. डाळिंबी रंगाची, जमिनीला टेकल्यासारखी, टप मागे सरकणारी दोन सीटची स्पोर्ट्स कार. साताऱ्याहून आईचा फोन आला. ‘दोनच सीटा? अगं, उद्या...’ आणि आई थांबली. ते वाक्य कुठे जाणार होतं ते सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर, औषधं, पुण्याच्या खेपा, सगळं करून झालेलं होतं. मी तेव्हा त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. वहिनी अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘आई, आम्ही दोघंच आहोत. रिकामी सीट घेऊन कशाला फिरू?’ त्यानंतर आईनं त्या गाडीबद्दल कधी काही विचारलं नाही.

हिवाळ्यातले शुक्रवार त्या गाडीचे. सकाळी निघायचं, दुखानच्या रस्त्यानं पश्चिमेला समुद्रापर्यंत, तिथून किनाऱ्यानं खाली उम्म बाब, मग आणखी खाली, वाळवंटातल्या सरळ रस्त्यानं सौदीच्या सरहद्दीवरच्या अबू समराला. चेकपोस्टच्या अलीकडे गाडी वळवायची आणि सलवा रोडनं घरी. वहिनी चालवणार, दादा मोसंबं सोलून एकेक फोड त्यांच्या तोंडात देणार. सरहद्द दिसली की वहिनी म्हणणार, ‘संपला देश. चला.’ हे सगळं मी ऐकलेलं सांगतोय, कारण त्या गाडीत तिसऱ्याला जागाच नव्हती. परतताना कधी ते लांबचा वळसा घालून अल खोरला माझ्या क्वार्टरवर यायचे. माझी बायको आणि मुलगी साताऱ्याला, मी इथे एकटा, त्यामुळे वहिनींच्या हातात डबा असायचा. दोघांचे केस वाळूनं राठ झालेले, चेहरे लाल, आणि कुठल्यातरी गोष्टीवर गाडीत सुरू झालेलं हसणं अजून चाललेलं. मी विचारायचो काय झालं, तर दादा म्हणायचा, ‘काही नाही रे, तुला नाही कळायचं.’ मला राग यायचा थोडा. आज वाटतं, मला खरोखरच कळलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी त्या गाडीचा तिसरा गिअर पडेना. इंडस्ट्रियल एरियात म्हसळ्याचे इक्बालभाई गॅरेज चालवतात, वहिनी सगळी कामं त्यांच्याकडेच न्यायच्या. इक्बालभाईंनी गिअरबॉक्स खोलला, बसवला. आठवड्यानं पुन्हा तेच. पुन्हा खोलला. तिसऱ्या खेपेला माझ्याही गाडीचं काम होतं म्हणून मी बरोबर होतो. इक्बालभाई हात पुसत म्हणाले, ‘ताई, दोन येला खोलून बघितला. गिअरबॉक्सला कायपण झालेला नाय. मी चालवतो तर मक्खन जातो.’

‘मग मलाच का पडत नाही ओ?’

‘बसा. टाका. बघतो मी.’

वहिनी बसल्या. इथे गिअर उजव्या हाताला. पहिला पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला दांडा पुढे सरकला आणि अर्ध्यावर थांबला. इक्बालभाई वाकून बघत होते, पण गिअरकडे नाही, वहिनींच्या हाताकडे. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधला मांसल भाग आत बसला होता, खळगा पडावा तसा. मी तो हात इतक्या वेळा पाहिला होता, वाढताना, निरोप देताना... मला कधी दिसलं नव्हतं. इक्बालभाई सरळ उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, ‘ताई, गाडी बरी हाय. हात दाखवा कुणाला तरी.’

तपासण्या दोन महिने चालल्या. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी बिन महमूदला गेलो. दादा टेबलाशी बसून कागद एकावर एक नीट लावत होता, पुन्हा विस्कटत होता, पुन्हा लावत होता. वहिनी म्हणाल्या, ‘मोटर न्यूरॉन डिसीज. आजाराच्या नावातसुद्धा मोटर आलीय बघा, भाऊजी.’ मी हसलो नाही. ‘हसा की,’ त्या म्हणाल्या. ‘पुन्हा एवढा चांगला विनोद होणार नाही माझ्याकडून.’ हात, मग पाय, मग जीभ, मग गिळणं, मग श्वास. क्रम बदलेल, पण थांबणार काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. औषध होतं, पण त्यानं बरं व्हायचं नव्हतं, थोडं उशिरा व्हायचं होतं. मी घरी येऊन इंटरनेटवर वाचत बसायचो. कुठे काही नवीन सापडलं की दादाला पाठवायचो. चार-पाच वेळा पाठवल्यावर त्याचं उत्तर आलं, ‘विजू, हे सगळं आम्ही वाचलंय रे.’ मग मी पाठवणं बंद केलं. करण्यासारखं तेवढंच एक होतं, तेही गेलं.

आणि मग दादा, त्रेपन्नाव्या वर्षी, ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागला. कुणी सांगितलं म्हणून नाही. एक दिवस मला म्हणाला, ‘तिला शुक्रवारी बाहेर न्यायला हवं ना कुणीतरी.’ दोनदा नापास झाला. टेस्टच्या आदल्या दिवशी त्याला उलट्या व्हायच्या. तिसऱ्यांदा पास झाला, आणि वहिनींनी त्याला स्वतःच्या गाडीवर शिकवायला घेतलं. त्या शेजारच्या सीटवर, हात मांडीवर पडलेले, जीभ जड झालेली. ‘क्लच’ म्हणायला त्यांना वेळ लागायचा, तोवर गाडी बंद पडलेली असायची. दादा त्यांच्यावर कधी चिडत नसे, स्वतःवर चिडायचा. एकदा त्यानं स्टिअरिंगवर हात आपटला. वहिनी थांबल्या, आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाल्या, ‘तिचा... काय... दोष?’

यंदा जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं की भारतात जायचं असेल तर लवकर जा, श्वास आणखी उतरला तर विमान झेपणार नाही. दादानं राजीनामा दिला. फेब्रुवारीच्या शेवटची तिकिटं काढली. सामान वाटून झालं, आणि वहिनींनी एकच गोष्ट मागितली. दुखान, उम्म बाब, अबू समरा. त्यांच्या गाडीतून, टप उघडा ठेवून. दोन सीटच्या गाडीत व्हीलचेअर मावत नव्हती, म्हणून ती माझ्या गाडीत टाकून मी मागून यायचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी निघालो. दादा साठ-सत्तरच्या पुढे जात नव्हता. ट्रक हॉर्न देत शेजारून निघून जात होते, स्पोर्ट्स कारला मागे टाकल्याचा आनंद त्यांच्या हॉर्नमध्ये ऐकू यायचा. मला मागून दोन डोकी दिसत होती. वहिनींच्या मानेला पट्टा होता, तरी वळणावर डोकं दाराकडे कलायचं, आणि दादाचा हात गिअरवरून उठून ते सरळ करायचा, पुन्हा गिअरवर जायचा. दुखानला एका टपरीवर करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा घेतला. दादा चमच्यानं पाजत होता. पातळ पदार्थांनी त्यांना ठसका लागायला लागला होता, म्हणून एक चमचा, मग थांबायचं, गिळलं का बघायचं, मग पुढचा. चहा गार झाला तरी दोघांना घाई नव्हती. त्या वेळी टप उघडा होता, ऊन कोवळं होतं, आणि वहिनींचा चेहरा... मी फोटो काढायला फोन बाहेर काढला आणि का कोण जाणे, परत खिशात ठेवला.

उम्म बाब मागे पडलं आणि वारा सुटला. आधी वाळूच्या रेघा रस्त्यावर सरपटताना दिसल्या, मग रस्ताच धुरकट झाला. समोरून एक ट्रेलर आला. दादानं घाबरून गाडी एकदम कडेला घेतली, आणि उजवी चाकं मऊ वाळूत गेली. त्यानं ती काढायला रेस केली तशी गाडी आणखी रुतली, आणि वहिनींच्या बाजूला कलली. मी धावत पोचलो तेव्हा त्या दाराकडे घसरल्या होत्या, मान वाकडी अडकलेली, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. उघड्या टपातून वाळू त्यांच्या डोळ्यांत, तोंडात जात होती, आणि त्यांना हात उचलून ती पुसता येत नव्हती. दादानं बटण दाबलं, टप निम्मा येऊन अडला. ‘आधी तिला बाहेर काढू,’ तो ओरडला.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. सव्वीस वर्षांत मी वहिनींच्या पायांना हात लावला होता, नमस्काराला. त्याखेरीज कधी स्पर्श केला नव्हता. आमच्याकडे तसंच असतं. मी दार उघडून वाकलो, आणि माझे हात पुढे होईनात. वहिनींनी ते ओळखलं. लाळेतून, वाळूतून म्हणाल्या, ‘पोतं... समजा... भाऊजी.’ मी त्यांच्या काखांत हात घातले. दादानं पाय धरले. ती सीट म्हणजे विहीर होती, गाडी तिरकी, आणि ताकद गेलेलं अंग किती निसटतं हे मला माहीत नव्हतं. उचललं, अर्ध्यावर आणलं, आणि माझ्या हातून त्या सुटल्या. डोकं दाराच्या कडेवर आपटलं. त्यांच्या तोंडून आवाजही आला नाही. पुन्हा उचलायला गेलो, पुन्हा तेच. दादा वाळूत खाली बसला आणि रडायला लागला, लहान मुलासारखा, मोठ्यानं. मी शर्टाच्या टोकानं वहिनींचे डोळे पुसत राहिलो. पुसायचे, आणि वाऱ्याबरोबर पुन्हा वाळू यायची. पुसायचे...

किती वेळ गेला सांगता येत नाही. एक पांढरी मोठी गाडी थांबली. पायघोळ थोब घातलेले एक वयस्कर कतरी गृहस्थ उतरले, त्यांच्यामागे त्यांचा ड्रायव्हर. ‘क्या हुआ?’ त्यांनी वाकून पाहिलं, वहिनींना पाहिल्यावर अदबीनं नजर बाजूला केली, आणि काही न बोलता परत गेले. मला वाटलं, चालले. ते आले ते एक जाड विणलेला गालिचा घेऊन, वाळवंटात बसायला अंथरतात तसला. त्यांनी खुणेनं दाखवलं, आधी एका कुशीवर कलवा, खाली सरकवा, मग दुसऱ्या. तसं केलं. चौघांनी चार टोकं धरली. ‘यल्ला,’ ते म्हणाले, आणि वहिनी एका हिसक्यात वर आल्या, हलक्या, जणू काही वजनच नाही. आम्ही चौघांनी त्यांना माझ्या गाडीपर्यंत नेलं. वहिनींना खांदा द्यायला मी नव्हतो. चार टोकांपैकी एक त्या दिवशी माझ्या हातात होतं, एवढंच काय ते. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. सुचलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या गृहस्थांनी दोर लावून गाडीही ओढून दिली. आम्ही पुन्हापुन्हा शुक्रन म्हणत राहिलो, ते ‘इन्शाल्ला ठीक हो जाएगा’ म्हणत निघून गेले. वारा कमी झाला होता. वहिनी माझ्या मागच्या सीटवर आडव्या होत्या, श्वास जरा सुरळीत झाला होता. त्यांनी दादाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अबू समरा.’ शब्द नीट उमटले नव्हते, पण आम्हाला दोघांनाही कळले. दादा म्हणाला, ‘नाही. खलास. परत जायचं.’ त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. दादा माझ्याकडे वळला. ‘विजू, तू सांग तिला.’ मी म्हणालो, ‘वहिनी, आज नको. पुन्हा येऊ की कधीतरी.’

तिकिटं दहा दिवसांवरची होती. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

अबू समरापर्यंत तासाभराचा रस्ता होता. माझी गाडी चांगली होती, त्या मागे नीट निजल्या होत्या, हळूहळू नेऊन आणलं असतं. तेव्हा सुचलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे सुचलं होतं. पण दादा परत जायचं म्हणत होता, आणि त्याला दुखवायचं की वहिनींना, यात मी जो बोलू शकत होता त्याचं ऐकलं. परतताना दादा पुढे चालवत होता. त्याच्या शेजारची सीट रिकामी.

जूनमध्ये सुट्टी घेऊन मी गडहिंग्लजला गेलो. दादा तिथेच, वहिनींच्या माहेरी राहत होता. त्यांच्या आईला लेक जवळ हवी होती. पुढच्या खोलीत खाट. वहिनींचं बोलणं तोवर संपलं होतं, फक्त डोळे. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. दादा दुकानात गेला तेव्हा मी खाटेशी स्टूल ओढून बसलो. मुलीच्या कॉलेजचं सांगितलं, इक्बालभाईंनी त्यांची गाडी एका तरुण जोडप्याला विकून दिल्याचं सांगितलं. मग विचारलं, ‘वहिनी, त्या दिवशी मी चुकलो ना?’ वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाट पाहिली. डोळे एकदाही मिटले नाहीत, दोनदाही नाहीत. उघडेच होते, माझ्यावर लावलेले, आणि त्यांत राग होता, माफी होती, की नुसता थकवा, हे मला वाचता आलं नाही. दादाच्या चपलांचा आवाज आला आणि मी स्टूल मागे सारलं.

आता दर शुक्रवारी सकाळी मी त्याला फोन करतो. तो अजून तिथेच आहे, त्याच खोलीत. साताऱ्याला ये म्हटलं तर ‘बघू’ म्हणतो. गेल्या शुक्रवारी बराच मोकळा वाटला. सासूबाईंच्या गुडघ्याचं बोलला, समोरच्यानं बांधलेल्या घराचं बोलला, एकदा हसलासुद्धा. मी त्याला माझ्या नव्या कॉन्ट्रॅक्टचं सांगत होतो, तेवढ्यात तो मध्येच म्हणाला, ‘थांब हं, विजू. हिची कूस बदलायची वेळ झाली.’

अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तो वहिनींना कुशीवर वळवायचा, हे मी जूनमध्ये पाहिलं होतं.

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं. चादर झटकल्याचा, मग ती हातानं सपाट केल्याचा, उशी थोपटल्याचा आवाज. सावकाश, नेमानं. पुन्हा पावलं, पुन्हा खुर्ची.

‘हं,’ दादा म्हणाला. ‘काय सांगत होतास?’